उरणच्या ट्रेलरांचे मागचे दिवे

बैलगाडीच्या कण्याखालीं टांगलेला कंदील ज्यांनीं पाहिला आहे, अशीं माणसें आतां थोडींच उरलीं आहेत. रात्रीच्या प्रवासांत गाडीवान पुष्कळदां अर्धवट झोपेंत असे. वाट बैलांना पाठ असे. आणि गाडीखालीं हेलकावे खाणाऱ्या त्या कंदिलाचा गाडीवानाला स्वतःला फारसा उपयोग नसे. त्याच्या मिणमिणत्या उजेडांत ना पुढचा खड्डा दिसे, ना पुढचें वळण. तो कंदील होता तो दुसऱ्यासाठीं. येथें गाडी आहे, जपून या, एवढाच निरोप तो मागून येणाऱ्याला देई, आणि निरोप पोंचला कीं त्याचें काम झालें. पुढें टांगे आले, सायकली आल्या, मोटारी आल्या. कंदिलाच्या जागीं विजेचे दिवे आले. पण वाहनाच्या मागच्या दिव्याचा धर्म मात्र बदलला नाहीं. तो लावावा एकानें आणि पाहावा दुसऱ्यानें, असा हा दिवा आहे.

या दिव्याची कठीण परीक्षा जेथें रोज चालते, अशा ठिकाणांत मुंबईच्या समोरील उरणची गणना करावी लागेल. भाऊच्या धक्क्यावरून लाँचीनें निघून मोरा बंदरावर उतरणाऱ्या जुन्या पिढीला जें उरण ठाऊक होतें, तें मिठागरांचें, भातशेतीचें आणि मासेमारीचें उरण होतें. १९८९ सालच्या मे महिन्यांत याच तालुक्यांत न्हावा-शेवा येथें नवें बंदर सुरू झालें, त्याला जवाहरलाल नेहरूंचें नांव मिळालें, आणि तालुक्याच्या रस्त्यांचें रूप पालटलें. मुंबईच्या जुन्या गोद्यांवरील भार हलका व्हावा म्हणून बांधलेलें हें बंदर पुढें देशांतील अग्रगण्य कंटेनर-बंदरांपैकीं एक ठरलें.

कंटेनर म्हणजे ठराविक मापाची पोलादी पेटी. ही कल्पना फार जुनी नाहीं. मालमोटारींच्या धंद्यांत मुरलेल्या माल्कम मॅक्लीन नामक अमेरिकन गृहस्थानें २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला रवाना केल्या, आणि गोणी, पिंपें व खोकीं एकेक करून उचलण्याची शेंकडों वर्षांची रीत मागें पडूं लागली. वीस फुटी व चाळीस फुटी हीं मापें जगभर रूढ झालीं. आज शहरांतल्या घराघरांत जें परदेशी यंत्र येतें, जीं औषधांचीं द्रव्यें येतात, मुलांचीं जीं खेळणीं येतात, त्यांतील पुष्कळ माल अशा पेटींतून आलेला असतो. आणि येथला तांदूळ, कापड व यंत्रांचे सुटे भाग अशाच पेटींतून परदेशीं जातात. कांहीं पेट्या आगगाडीनें जातात. पण पुष्कळशा पेट्यांच्या नशिबीं रस्ताच असतो, आणि रस्त्यावर त्यांना वाहून नेतो तो ट्रेलर.

बंदराकडून पळस्प्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३४८, करळ फाटा, जासई, दास्तान फाटा, तसेंच भेंडखळ, खोपटें, चिर्ले या बाजूंच्या गोदामांचे रस्ते, हे सारे या ट्रेलरांच्या पायाखालचे आहेत. त्याच रस्त्यांवरून गांवकऱ्यांची मोटारसायकल जाते, पाळीवरून परतणारा कामगार जातो, पनवेलच्या दवाखान्यांत निघालेली रिक्षा जाते. बंदरांत शिरण्याची पाळी येईपर्यंत, कागदपत्र पुरे होईपर्यंत, किंवा चालकाचे डोळे मिटूं लागले म्हणून ट्रेलर रस्त्याच्या कडेला उभे राहतात. या उभ्या वाहनांविषयीं उरणकरांनीं वर्षानुवर्षें तक्रारी केल्या आहेत. बंदराच्या व्यवस्थेनेंहि पुढें मोठा वाहनतळ उभारला. तरी पण दिवस मावळल्यावर रस्त्याच्या कडेला एखादा ट्रेलर उभा आहे व त्याच्या पाठीवर एकहि दिवा नाहीं, हें दृश्य या भागांतून अद्याप गेलेलें नाहीं.

यांत धोका किती, तो हिशेबानेंच पाहावा. ताशीं ६० किलोमीटर वेगाचें वाहन एका सेकंदांत १६ ते १७ मीटर पुढें जातें. समोर कांहीं तरी आहे असें दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत सावध माणसालाहि सुमारें दीड सेकंद लागतो; तेवढ्यांत २५ मीटर संपतात. पुढें ब्रेक चांगले असले व रस्ता कोरडा असला, तरी वाहन थांबेपर्यंत आणखी २८ ते ३० मीटर जातात. एकूण झाले सुमारें ५५ मीटर. आतां मोटारसायकलच्या दिव्याचा झोत खालीं वळविलेला असला, तर धुळीनें माखलेली काळपट वस्तु तीस-चाळीस मीटरांवर आल्याखेरीज पुष्कळदां स्पष्ट दिसत नाहीं. उरलेल्या पंधरा-पंचवीस मीटरांचा हिशेब कशानें पुरा होतो, हें सांगण्याचें कारण नाहीं. पेटी उतरवून रिकामा झालेला ट्रेलर तर याहूनहि फसवा. तो म्हणजे कमरेइतक्या उंचीवर आडवा पसरलेला लोखंडी सांगाडा. त्याच्या खालून व वरून पलीकडचा रस्ता दिसतो, आणि वाट मोकळी आहे असाच डोळ्यांना भास होतो.

याच्या उलट केंद्रीय मोटार वाहन नियमांकडे पाहावें. हे नियमहि १९८९ सालचेच, म्हणजे बंदराच्या जन्मवर्षाचेच आहेत. वाहनाचा मागचा तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे, असें त्यांत सांगितलें आहे. तेवढ्या अंतरावरून दिवा दिसला, तर त्याच वेगाच्या स्वाराला नऊ सेकंद मिळतात. नऊ सेकंदांत माणूस वेग कमी करतो, आरशांत पाहतो, बाजूला सरतो आणि सुखरूप पुढें निघून जातो. आपण कशांतून वांचलों याची त्याला जाणीवहि होत नाहीं. हें सारें काम पांच वॅटचा एक दिवा करतो.

इतका साधा, इतका स्वस्त दिवा. मग तो बंद कां असतो? बल्ब जळला म्हणून, असें उत्तर सुचतें. तें पुष्कळदां खोटें ठरतें. खरें कारण समजण्यासाठीं ट्रेलरची रचना थोडी पाहिली पाहिजे.

रस्त्यावर आपल्याला जें एक अजस्र वाहन दिसतें, तीं वस्तुतः दोन वाहनें असतात. पुढें इंजिन व चालकाची खोली असलेलें ओढणारें वाहन. त्याला या धंद्यांत ‘हॉर्स’, म्हणजे घोडाच म्हणतात. मागें असतो तो ट्रेलर. त्याला इंजिन नाहीं, स्वतःची बॅटरी नाहीं. त्याच्या पुढच्या भागाखालीं ५० मिलिमीटर जाडीचा एक पोलादी खुंट असतो, तो किंगपिन. तो घोड्याच्या पाठीवरील ग्रीज माखलेल्या तबकडींत अडकला कीं जोड झाली. आज एक घोडा, उद्यां दुसरा. घोडा थकतो, जुना होतो, बदलला जातो. ट्रेलरचें तसें नसतें. टायर नवे घातले, स्प्रिंगांचीं पानें बदललीं, भेगा वेल्डिंगनें सांधल्या, कीं वीस वर्षांचा ट्रेलरहि पुन्हां कामाला लागतो. त्याचें लोखंड टिकतें. टिकत नाहीं ती त्याच्या अंगावरून गेलेली बारीक तार. आणि या तारेकडे पाहणारा कोणी नसतो. चालकाला आपल्या जागेवरून मागचे दिवे दिसत नाहींत, शिवाय उद्यां हा ट्रेलर त्याच्याकडे असेलच असें नाहीं. मालकाची खेप दिव्यावांचूनहि पोंचते. ज्याला तो दिवा हवा असतो, तो मागून येणारा अनोळखी माणूस या व्यवहारांत कोठेंच नसतो.

ट्रेलरच्या दिव्यांना वीज मिळते ती घोड्याकडून. अवजड वाहनांत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून २४ व्होल्टची वीज घेतात, आणि ती सात पिनांच्या एका जोडानें ट्रेलरला देतात. या जोडाचा आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेला आहे. पहिली पिन पांढऱ्या तारेची, ती परतीच्या विजेसाठीं. दुसरी काळी, डाव्या बाजूच्या मागच्या दिव्यासाठीं. तिसरी पिवळी, डावें वळण दाखविणाऱ्या दिव्यासाठीं. चौथी तांबडी, ब्रेकच्या दिव्यांसाठीं. पांचवी हिरवी व सहावी तपकिरी, उजव्या बाजूच्या त्याच दोन कामांसाठीं. आणि सातवी निळी, इतर गरजेसाठीं. नव्या ट्रेलरवर हे रंग विश्वासानें ओळखावे. जुन्या ट्रेलरवर मात्र रंगावर विसंबणें धोक्याचें. वीस वर्षांत वाटेंत ज्याला जी तार हातीं लागली, ती त्यानें जोडलेली असते. पुढें पिवळी दिसलेली तार मागें हिरवी होऊन निघते. म्हणून जाणता वायरमन रंग पाहत नाहीं. चाचणीचा दिवा लावून तार कोठून कोठें जाते तें स्वतः पाहतो.

या सात पिनांत सर्वांत महत्त्वाची पिन पहिली, आणि सर्वांत उपेक्षित पिनहि तीच. घरांतील दिव्याला दोन तारा लागतात, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. एकीनें वीज येते, दुसरीनें परत जाते. परतीची वाट तुटली तर दिवा लागत नाहीं. मोटार बांधणाऱ्यांनीं फार पूर्वींच यांत काटकसर केली. वाहनाचा सांगाडा लोखंडाचा, लोखंडांतून वीज वाहते. मग दुसरी तार कशाला? प्रत्येक दिव्याला एक तार द्यावी व परतीचें काम सांगाड्याकडून करून घ्यावें. या परतीच्या जोडाला कारखान्यांत अर्थिंग म्हणतात. वाहन नवें असतांना ही युक्ति उत्तम चालते. पण लोखंड गंजतें, त्यावर रंगाचे थर चढतात, स्क्रू सैल होतात, आणि परतीची वाट अरुंद होत जाते.

समुद्राकांठच्या उरणांत ही वाट फार लवकर अरुंद होते. येथील वाऱ्यांत मिठाचा अंश असतो. पावसाचे चार महिने सारें ओलें असतें, आणि उरलेल्या आठ महिन्यांतहि रात्रीचें दंव पडलें कीं लोखंडावर बसलेलें मीठ पाणी शोषून घेतें. तांब्याच्या तारेला पितळी पिन व पितळी पिनेला लोखंडी स्क्रू अशीं निरनिराळ्या धातूंचीं लग्नें जेथें लागलेलीं असतात, तेथें मिठाच्या पाण्यानें एक लहानशी बॅटरीच तयार होते, व ती त्यांतील हलक्या कुळाचा धातु, म्हणजे लोखंड, खाऊन टाकते. तांब्यावर हिरवा कळंक चढतो. घरांतील तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई कां लावावी लागते, हें गृहिणींना सांगावयास नको. तारेवरचें रबरी किंवा प्लॅस्टिकचें आवरण बाहेरून शाबूत दिसतें; पण तार कापून पाहिली तर आंत चकचकीत तांब्याऐवजीं काळी-हिरवी भुकटी आढळते. कापलेल्या टोंकांतून शिरलेलें पाणी तारेच्या बारीक केसांमधून दिव्याच्या वातीतून तेल चढावें तसें दूरवर चढत जातें. म्हणून कळकलेल्या तारेचें टोंक चार बोटें कापून भागत नाहीं. बहुधा सगळीच तार काढावी लागते.

परतीची वाट बिघडली म्हणजे दिवे ज्या चमत्कारिक रीतीनें वागतात, ती पाहून नवखा माणूस चक्रावून जातो. ब्रेक दाबावा तर ब्रेकचे दिवे न लागतां मागचे दिवे मंद तेवतात. डाव्या वळणाचा दिवा लावावा तर दोन्ही बाजू एकत्र लुकलुकतात. भुताटकी वाटावी असा हा प्रकार. पण त्याचें कारण सरळ आहे. विजेला आपली वाट बंद दिसली कीं ती शेजारच्या दिव्याच्या तंतूंतून उलट शिरते व दुसऱ्याच तारेनें घरीं जाते. दुसरी खूण याहूनहि फसवी. ट्रेलर उभा असतां सारे दिवे लागतात, आणि वाहन चालूं लागलें कीं विझतात. येथें पहिली पिन कळकलेली असते, व वीज किंगपिन आणि तबकडी यांच्या लोखंडांतून परत जात असते. तबकडीवर ग्रीजचा थर. वाहन हललें, लोखंडाचा स्पर्श सुटला, कीं वाट बंद. उभ्या वाहनाची तपासणी करणाऱ्याला हा दोष दिसतच नाहीं.

दिवा लागतो म्हणजे सर्व ठीक आहे, असेंहि समजूं नये. मागच्या दोन दिव्यांचे पांच-पांच वॅट व ब्रेकच्या दोन दिव्यांचे एकवीस-एकवीस वॅट धरावे. परतीच्या सामाईक वाटेंत गंजामुळें केवळ दोन ओहमचा अडथळा निर्माण झाला आहे, असें समजावें. केवळ मागचे दिवे लावले तर त्यांना २४ पैकीं २३ व्होल्ट मिळतात, व पाहणाऱ्याला कांहीं फरक जाणवत नाहीं. पण ब्रेक दाबला कीं वीज पांचपट वाहूं लागते, आणि सर्व दिव्यांना मिळून २० व्होल्टच उरतात. तंतूच्या दिव्याचा स्वभाव असा कीं व्होल्ट थोडे घटले तरी प्रकाश पुष्कळ घटतो. येथें तो निम्म्याहून जरा अधिक एवढाच राहतो. म्हणजे मागच्या स्वाराला जेव्हां सर्वांत ठळक निरोप मिळावयास हवा, नेमका तेव्हांच तो क्षीण होतो.

तेव्हां जुन्या ट्रेलरचें तारकाम नव्यानें करावयाचें तें कसें? चाकांखालीं ठोकळे लावून व घोड्याचा जोड सोडून, प्रथम जुनी तार सबंध उतरवावी. उतरवितांना ती कोठून कशी गेली होती याची एक आकृति कागदावर काढून ठेवावी. जुन्या तारेला नव्याचे तुकडे जोडण्याचा मोह येतो. पण प्रत्येक जोड ही पाण्याला दिलेली एक दारवाट असते, हें लक्षांत ठेवावें. पुढचा सातपिनी सॉकेट उघडून पाहावा; आंत हिरवें दिसलें तर घासून पुन्हां वापरण्यापेक्षां नवा बसवावा. त्याचें झांकण स्प्रिंगनें घट्ट मिटतें कीं नाहीं, हें पाहण्यास विसरूं नये.

तार घ्यावयाची ती सात पदरांची एकच, जाड आवरणाची, आणि शक्य तर कल्हई केलेल्या तांब्याची. जहाजांवर अशीच तार वापरतात. ती ट्रेलरच्या मुख्य तुळईच्या आंतल्या अंगानें न्यावी, म्हणजे चाकांनीं उडविलेले खडे तिला लागत नाहींत. ब्रेकच्या हवेच्या नळ्या व हलणारे भाग यांपासून ती दूर ठेवावी, आणि हात-दीड हाताच्या अंतरानें पक्की बांधावी. लोंबती तार स्वतःच्या हेलकाव्यांनींच झिजून तुटते. लोखंडाच्या भोकांतून तार न्यावयाची असेल तेथें भोकाला रबरी कडें बसवावें. नाहीं तर लोखंडाची धार वर्षभरांत आवरण कापून तांब्याला जाऊन भिडते.

मागें पोंचल्यावर सर्व जोड एकाच बंद पेटींत करावे. तारेची टोंकें पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती चार दिवसांची सोय आहे. टोंकांवर धातूच्या टोप्या दाबून बसवाव्या, व त्यांवर उष्णतेनें आकसणारी नळी चढवावी. दिव्यापाशीं तारेला खालच्या बाजूनें थोडा झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी दिव्यांत न शिरतां झोळाच्या तळाशीं गळून जातें. पागोळ्यांची दिशा ओळखून घर बांधणाऱ्या कोंकणी माणसाला यांत नवें कांहींच वाटणार नाहीं.

आणि मुख्य गोष्ट परतीच्या तारेची. लोखंडावर भरवसा न ठेवतां पहिल्या पिनेपासून मागच्या प्रत्येक दिव्यापर्यंत परतीची स्वतंत्र तार न्यावी, आणि ती इतर तारांहून जाड असावी, कारण सर्वांची वीज तिच्यांतूनच परत यावयाची असते. सांगाड्यालाहि ती एका ठिकाणीं जोडावी. पण तत्पूर्वीं तेथला रंग व गंज खरवडून लोखंड चकचकीत करावें, दांतेरी वायसर घालून बोल्ट आवळावा, आणि वरून ग्रीज चोपडून मग रंग द्यावा. आधीं रंग व मग बोल्ट असें केलें, तर सारी मेहनत फुकट जाते.

ब्रेक व मागचा दिवा मिळून एकच बल्ब असेल तर त्यांत दोन तंतु असतात, एक एकवीस वॅटचा व एक पांच वॅटचा. हा बल्ब उलटा बसूं नये म्हणून त्याच्या दोन बाजूंचे खुंट मुद्दाम वरखालीं ठेवलेले असतात. तरीहि गंजलेल्या होल्डरांत तो जोर करून उलटा बसविणारे महाभाग आढळतात. मग रात्रभर ब्रेकचा प्रखर दिवा लागलेला राहतो, आणि खरा ब्रेक दाबला असतां त्यांत जेमतेम फरक पडतो. हल्लीं तंतूच्या बल्बांऐवजीं एलईडी दिवे पुष्कळ दिसतात. ते कमी वीज खातात, खड्ड्यांच्या धक्क्यांनीं तुटत नाहींत, आणि अंग पूर्ण बंद असल्यानें खारा वारा त्यांत सहज शिरत नाहीं. पण वळणाच्या दिव्यांत त्यांची थोडी अडचण होते. लुकलुकण्याचा वेग मिनिटाला ६० ते १२० असावा असा संकेत आहे; वीज फारच कमी वाहिली तर जुन्या घोड्यावरील यंत्राला बल्ब जळाल्याचा भास होतो, व तें भराभर लुकलुकूं लागतें. अशा वेळीं तें यंत्रच बदलावें लागतें. शिवाय जुन्या कळकलेल्या तारेवर नवा एलईडी दिवा लावणें म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणें होय.

काम पुरें झाल्यावर तपासणी दोघांनीं करावी. एकानें घोड्यांत बसावें, दुसऱ्यानें मागें उभें राहावें. पुढच्यानें हांक द्यावी, मागच्यानें उत्तर द्यावें. एकेक दिवा प्रथम पाहावा. पण तेवढ्यावर समाधान मानूं नये. मागचे दिवे, ब्रेक आणि वळणाचा दिवा असे सर्व एकाच वेळीं लावून पाहावे. परतीची वाट अरुंद असेल तर ती येथेंच उघडी पडते, कारण एकट्या-दुकट्या दिव्याला पुरणारी वाट सर्वांना पुरत नाहीं. वळणाच्या दिव्याबरोबर इतर दिवे मिचमिचतात का, एवढें पाहिलें तरी पुरें. त्यानंतर घोडा जोडून ट्रेलर थोडा पुढें-मागें हलवून पाहावा, आणि शेवटीं दिव्यांवर बादलीभर पाणी ओतून पुन्हां एकदां पाहावें. पावसाळ्यांत जें व्हावयाचें तें आधींच झालेलें बरें.

याच वेळीं परावर्तक पट्ट्यांकडेहि नजर टाकावी. मागें तांबडी, बाजूंना पिवळी व पुढें पांढरी अशा या पट्ट्या नियमानें लावावयाच्या असतात. त्यांना वीज लागत नाहीं. मागून येणाऱ्याचाच प्रकाश त्या त्याला परत देतात. घोडा सोडून नेल्यावर ट्रेलर एकटा उभा राहतो, तेव्हां त्याला वीज मुळींच नसते. त्या वेळीं रात्रभर पहारा करणारी तीच एक पट्टी. ती चिखलानें माखली तर तीहि आंधळी होते. तिच्यासाठीं ओल्या फडक्याखेरीज कांहींच लागत नाहीं.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षीं तपासणी करून योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, हें खरें. पण तपासणी वर्षांतून एका दिवशीं होते, आणि खारा वारा तीनशें पासष्ट दिवस आपलें काम करीत असतो. त्या दाखल्यानें दिवा एका दिवसापुरता लागल्याची खात्री मिळते. तो रोज लागण्याची सोय मात्र वायरमनाच्या प्रामाणिक हातांत व चालकाच्या दोन मिनिटांत आहे. निघण्यापूर्वीं दिवे लावून वाहनाला एक फेरी घालावी, असा परिपाठ कित्येक जुने चालक पाळतात. ज्या मालकांना आपल्या चालकांकडून हें काम खरोखर व्हावें असें वाटतें, त्यांनीं चालकाजवळ चार बल्ब, थोडी तार व एक चाचणीचा दिवा देऊन ठेवावा, आणि दिवा दुरुस्त करण्यांत गेलेला अर्धा तास खेपेच्या उशिरांत धरूं नये. नाहीं तर चालकाला दिवा आणि मजुरी यांतून एक निवडावें लागतें, व तो काय निवडील हें सांगण्यास ज्योतिषी नको.

शहरांत राहणाऱ्या कुटुंबांचाहि यांत थोडा भाग आहे. घरीं आलेली वस्तु किती दिवसांत पोंचली, याची चौकशी सर्वजण करतात. ती वाटेंत कोणत्या रस्त्यानें, कोणत्या गांवाच्या दारावरून, किती उजेडांत आली, याची चौकशी कोणी करीत नाहीं. अटल सेतूवरून मोटार आतां शिवडीहून थोड्या वेळांत उरणच्या भूमीवर येऊन पोंचते, आणि सुटीच्या दिवशीं तेथील किनाऱ्याकडे जाणारीं कुटुंबें वाढत आहेत. संध्याकाळीं परततांना त्यांनीं करळ-जासईच्या बाजूला वेग जरा आवरावा, आणि पुढें अंधार दिसला तर तो रिकामाच आहे असें गृहीत धरूं नये. दिवे विझलेला ट्रेलर चालतांना दिसला, तर पुढें गेल्यावर सुरक्षित जागीं चालकाला तसें सांगावें; पुष्कळदां त्याला तें ठाऊकच नसतें, कारण त्या रस्त्यावर आपले मागचे दिवे न दिसणारा असा तोच एकटा असतो.